चौथा दगड

त्या सकाळी शाल्मलीने नदी सरळ ओलांडली.

एकामागून एक सात दगड, कोणीही ओलांडावेत तसे. पलीकडच्या काठावर पोहोचून तिने मागे वळून पाहिले नाही. दोन पांढरी फुले खुडली आणि ती झाडीत दिसेनाशी झाली.

मुकुंदशास्त्री आठल्ये यांनी हातातली खेळाची पट्टी पाटावर ठेवली. उपरण्याच्या टोकाने भिंतीवरचा पडदा पुसला, जणू दोष काचेवरच्या धुळीचा असावा. मग पट्टी उचलून पुन्हा पडद्यावरच्या नदीच्या उताराच्या अलीकडे जाऊन ते तिची वाट पाहत उभे राहिले. ती आली. पुन्हा सरळ गेली.

"वैशाली," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे ये."

वैशालीबाई कणकेचे हात तसेच घेऊन दारात आल्या. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे. "मला महिन्यापूर्वीच दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगायचं धैर्य झालं नाही."

शाल्मलीला जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

कऱ्हाडला, कृष्णा-कोयनेच्या संगमापासून हाकेच्या अंतरावर, एक लहानशी वेदपाठशाळा होती आणि तिच्या मागच्या दोन खोल्यांत आठल्ये कुटुंबाचे बिऱ्हाड होते. मुकुंदशास्त्री घनपाठी, म्हणजे वेदपठणातला सर्वांत अवघड पाठ कंठस्थ असलेले. पन्नास वर्षांच्या अध्यापनात त्यांच्या मुखातून एक स्वर वावगा गेला नाही, असे त्यांचे शिष्य सांगत आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. त्यांना एकच अपत्य. शाल्मलीच्या हृदयाची झडप जन्मतःच सदोष होती. पाठशाळेचा सात पायऱ्यांचा जिना चढताना तिला दोनदा बसावे लागे. शाळेच्या मैदानावर ती कडेला बसून इतरांच्या चपला सांभाळी. तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तिचे डोळे उघडले नाहीत. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

ज्या मुलीला धावता येत नव्हते, ती 'अरण्यवाट' नावाच्या खेळात मात्र डोंगर चढत असे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून रोज तास-दीड तास. तो काही मारामारीचा खेळ नव्हता. एक अफाट अरण्य, त्यात वाटा शोधायच्या, ओढे ओलांडायचे, सोबत्याला हात द्यायचा. तिच्या सोबत्यांत सर्वांत जवळची नीलोफर मुल्ला, शनिवार पेठेतली बालमैत्रीण. पुढे ती पुण्याला जाऊन यंत्रांना शिकवण्याचे काम करू लागली.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात नीलोफर आली. खाली बसली, वैशालीबाईंच्या मांडीवर डोके ठेवून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "काका, तुम्हाला एक दाखवायचंय. पण आधीच सांगते, ही शालू नाही."

"मग कोण?"

"तिच्या हातांची सवय."

पडद्यावर अरण्य उलगडले. एका करंजाच्या झाडाखाली तपकिरी अंगरख्यातली एक आकृती उभी होती. ती वळली, मान किंचित तिरपी करून थांबली, आणि वैशालीबाईंच्या तोंडून हुंदका फुटला. कारण त्या आकृतीला ना चेहरा होता ना आवाज, पण ती मान त्यांच्या मुलीची होती.

नीलोफरने मग जे सांगितले ते मुकुंदशास्त्र्यांनी शिष्याच्या एकाग्रतेने ऐकले. माणूस खेळतो तेव्हा क्षणोक्षणी काही ना काही निवडत असतो. वळायचे की नाही, उडी मारण्यापूर्वी किती वेळ पाहायचे, सोबती मागे राहिला तर थांबायचे की पुढे जाऊन हाक मारायची. बोट उचलण्यात आणि टेकवण्यात किती अंतर पडते, हेसुद्धा. नऊ वर्षांत शाल्मलीने अशा काही लाख निवडी केल्या होत्या. खेळाचे यंत्र त्या निवडी साठवून ठेवत नाही. त्या निवडींनी यंत्राच्या आतली असंख्य लहान वजने कणाकणाने इकडेतिकडे सरकतात आणि शेवटी अशी स्थिरावतात की, नवा प्रसंग समोर आला तरी तो खेळाडू जे करील तेच यंत्र करते. खेळाडू गैरहजर असताना सोबत्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून ही सोय. तिला 'छाया' म्हणत.

"दगडी उंबरठ्यावर वर्षानुवर्षं पाय पडून खळगी होते ना, काका, तशी," नीलोफर म्हणाली. "पाय गेले तरी खळगी राहते."

"आणि दुसरे पाय पडू लागले तर?"

"मग ती त्यांची खळगी होते. म्हणूनच सांगते, नीट ऐका. तुमच्यासाठी मी वेगळं खातं उघडलंय. त्यातून शिरलात की शालू तुम्हाला समोर दिसेल, बरोबर चालेल. रोज भेटा तिला, काही बिघडत नाही. पण हा तिचा परवलीचा शब्द. यानं शिरलात की तुम्हीच शालू होता. तुमचा हात तो तिचा हात, यंत्राला भेद कळत नाही."

"मग तो हवाच कशाला?"

"नव्वद दिवस खात्याला माणसाचा हात लागला नाही तर छाया निजवतात. वर्षभर लागला नाही तर पुसून टाकतात. दोन महिन्यांतून एकदा तिच्या खात्यात शिरा, करंजाखाली उभे राहा आणि बाहेर या. चालायचं नाही. आणि हा शब्द तुम्हा दोघांखेरीज कोणालाही द्यायचा नाही. नियमातही तेच लिहिलंय."

जाताना उंबऱ्यात थांबून ती पुन्हा म्हणाली, "कोणालाही नाही, हं काका. मी चौदा महिने फिनलंडला आहे. विसराल म्हणून सांगते."

"मी?" शास्त्रीबुवा किंचित हसले. "विसरणे हा माझा व्यवसाय नव्हे, पोरी."

उतारावरची गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती दुसऱ्या आठवड्यात.

अरण्यात एक नदी होती आणि ती ओलांडायला सात दगडांचा उतार होता. काठाशी, पहिल्या दगडाच्या जागी, दोन दगड जोडीने होते. त्यांतल्या एकावरून शाल्मलीची सुरुवात ठरलेली असे. पुढे एकच रांग. पण ती रांग ती सरळ ओलांडत नसे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाई, दुसऱ्यावरून पहिल्यावर परत येई, पुन्हा पहिल्यावरून दुसऱ्यावर. मग दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा, दुसरा-तिसरा. सोबती याला 'शालूचा नाच' म्हणत आणि पलीकडे जाऊन तिची वाट पाहत बसत, असे नीलोफरने सांगितले होते.

मुकुंदशास्त्र्यांनी पहिल्यांदा तो नाच पाहिला तेव्हा त्यांची बोटे मांडीवर आपोआप चालू लागली. तो नाच नव्हता. ती जटा होती.

मंत्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे अक्षुण्ण जावा म्हणून पूर्वसूरींनी जे पाठ रचले, त्यांतला हा एक. दोन पदे सुलट म्हणायची, मग उलट, मग पुन्हा सुलट. आणि असे करीत पदापदाने पुढे सरकायचे. म्हणजे एखादे पद गळले किंवा जागा सोडून बसले तर ते लगेच उघडे पडते. नवे विद्यार्थी आले की मुकुंदशास्त्री एकाच ठरलेल्या मंत्रावर ही जटा शिकवीत. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत, टाळीवर.

शाल्मलीला ती कोणी शिकवली नव्हती. नऊ वर्षांची असताना ती वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाली होती, "बाबा, मला पण शिकवा ना." ते म्हणाले होते, "हे तुझ्यासाठी नाही, बाळ. तुला दम लागतो." दम तिला लागत होता, हे खरेच. पण कारण ते नव्हते, हे त्यांना माहीत होते. आणि तिने पुन्हा कधी विचारले नाही, त्यावरून तिलाही ते माहीत असावे.

तर ती दाराबाहेर उभी राहून शिकली होती. आणि शब्दांना हात न लावता केवळ त्यांची चाल तिने उचलली होती. त्या दिवशी पडद्यासमोर मुकुंदशास्त्री बराच वेळ हात जोडून बसले होते.

चौथ्या दगडावर मात्र ती चुके. चौथा-पाचवा, आणि तिथून परत न येता सरळ सहावा. दर वेळी तिथेच. पहिल्यांदा ते पाहताच शास्त्रीबुवांच्या तोंडून सवयीने निघाले, "हं. पुन्हा." आणि मग त्यांना आपलीच लाज वाटली.

सहा महिने ते नियमाने वागले. रोज दहाला पाठ आटोपला की हातपाय धुऊन, पाट मांडून बसायचे, आपल्या खात्यातून अरण्यात शिरायचे, मुलीबरोबर उतारापर्यंत जायचे. दोन महिन्यांतून एकदा तिच्या नावाने करंजाखाली उभे राहायचे. मग त्यांना डेंग्यूने गाठले. तीन आठवडे अंथरूण धरावे लागले. उठले तेव्हा उजव्या हाताला कंप सुटला होता, आणि मनात एक भय घर करून बसले होते. आपल्यामागे हिचे कोण? एक कंठ म्हणजे किती दिवसांचा आधार?

पन्नास वर्षे त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती. जे अनेकांच्या मुखी असते ते राहते. एकाची स्मृती ढळली तर दुसरा सावरतो, दुसऱ्याचा स्वर चुकला तर तिसरा थांबवतो. वेदाच्या ज्या शाखांना पाठक उरले नाहीत त्या लुप्त झाल्या. पोथ्या असूनही लुप्त झाल्या. आणि जे रोज म्हटले जात नाही ते झिजते. नीलोफर सांगते ते तिच्या यंत्रापुरते ठीक असेल. पण रक्षण कसे करावे, हे तिने का शिकवावे? खेळाची नियमावली एकेचाळीस पानांची होती. ती त्यांनी भिंग लावून समग्र वाचली होती. 'खाते अन्य कोणासही वापरावयास देऊ नये' हे वाक्यही वाचले होते. त्यांना तो दुकानदाराचा आखडता हात वाटला.

त्यांनी कागद घेतला आणि अकरा नावे लिहिली. रुद्राच्या आवर्तनांना अकरा ब्राह्मण बसतात, म्हणून अकरा. बेळगावच्या सुमनआत्या, चिपळूणचा मावसभाऊ तेजस, महाविद्यालयातल्या चार मैत्रिणी, शेजारच्या जोगळेकरबाई, अशी शाल्मलीला ओळखणारी माणसे.

वैशालीबाईंनी कागद वाचला. "अहो, हे काय?"

"पाळ्या. रोज एकाने तिच्या नावाने चालायचे. ती चाले तसे. म्हणजे मोडणार नाही."

"नीलूनं नको सांगितलं होतं ना?"

"नीलू लहान आहे."

वैशालीबाईंनी कागद खाली ठेवला. मग कपाटाकडे बोट करून म्हणाल्या, "तिची निळी ओढणी आहे आत. चौदा वेळा हुंगते मी दिवसातून. ती अकरा जणांना पांघरायला द्या. मग तिचा वास राहील का हो?"

"ओढणी जड वस्तू आहे. ही विद्या आहे."

"ही पोर आहे," वैशालीबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

परवलीचा शब्द अकरा घरी गेला.

ते महिने घरात थोडे चैतन्य आणणारे ठरले, हे नाकारता येणार नाही. रोज कोणाचा तरी फोन येई. शास्त्रीबुवांनी प्रत्येकाला उतारावरची चाल फोनवरून टाळी देऊन शिकवली. सुमनआत्यांनी आयुष्यात असला खेळ पाहिला नव्हता. "मुकुंदा, अरे केवढी तगर फुललीय या रानात! एक फूल कोणी खुडत नाही. मी परडीभर काढून ठेवली."

"सुमे, तुला चालायला सांगितले आहे, पूजा करायला नव्हे."

"चालता चालताच खुडली रे. आणि ती तुझी एक-दोन, दोन-एक! माझा गुडघा धरला."

"अगं, गुडघा खेळात कसा धरेल?"

"ते मला नको सांगू. धरला म्हणजे धरला."

तेजसने दोन दिवस जटा चालून पाहिली, तिसऱ्या दिवशी त्याला उड्या मारण्याचा मोह झाला. मैत्रिणी गप्पा मारीत चालत. कोणी तिचे वाईट चिंतले नव्हते. परक्याची चाल माणूस दोन दिवस चालतो. पुढे त्याचे पाय त्याचेच होतात.

बाहेरून पाहताना मुकुंदशास्त्र्यांना छाया कधी फुलापाशी वाकताना दिसे, कधी ओढ्यावरून झेप घेताना. त्यांना वाटे, पोर रमली आहे. रोज पाहणाऱ्याला रोजचा बदल दिसत नाही. आणि मग ती सकाळ आली, ज्या सकाळी तिने नदी सरळ ओलांडली.

नीलोफर फिनलंडहून परतली ती थेट कऱ्हाडला आली. चहाचा कप तिने उचललाच नाही. शाल्मलीच्या खात्यात शिरून तिने एक यादी काढली. कोणत्या दिवशी, कुठून, किती वेळ. बेळगाव, चिपळूण, ठाणे, पुन्हा बेळगाव.

"काका," ती सावकाश म्हणाली, "मी एकच गोष्ट सांगितली होती."

मुकुंदशास्त्री पाटावर ताठ बसले होते. "आता तिच्यात शाल्मली किती उरली आहे?"

"ते मोजता येत नाही. दुधात पाणी घातलं तर वरचं पाणी काढता येतं का? नवी चाल जुन्या चालीवर बसते. त्यात ताज्या चालीला हे यंत्र जास्त मान देतं. माणसं बदलतात, तशी छायाही बदलावी म्हणून."

"जुनी प्रत असेलच कुठेतरी."

"नाही ठेवत. मागची पुसून पुढची लिहितात. तुमचा फोन आल्यावर मी कंपनीला लिहिलं होतं, कालच उत्तर आलं. एका ओळीचं." तिने वाचून दाखवले, "'खाते अनेकांनी वापरल्यास छायेची हमी देता येत नाही.' बस. आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही."

"पण माझ्या पाठशाळेत एकाची चूक दुसरा सावरतो!"

"कारण दुसऱ्याला चूक कळते, काका. तुमच्याकडे बरोबर काय ते ठरलेलं आहे. या यंत्राला बरोबर आणि चूक ठाऊकच नाही. त्याला एवढंच कळतं की काय पुष्कळ वेळा झालं. अकरा जण अकरा तऱ्हांनी चालले. ते म्हणालं, बरं, शालू हल्ली अशी चालते."

वैशालीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ओढणीचा उल्लेख केला नाही. करायला हवा होता, असे शास्त्रीबुवांना वाटले. ते सोसणे सोपे गेले असते.

"बरोबर काय ते मला ठरलेले आहे," ते अखेर म्हणाले. "पुष्कळ वेळा झालेले त्याला कळते ना? मी पुष्कळ वेळा करीन."

"काका, नका. तुम्ही चाललात तर…"

"नीलोफर, मी गुरू आहे. बिघडलेला पाठ दुरुस्त करणे मला येते."

अकरा जणांकडून शब्द परत घेतला गेला. म्हणजे तो बदलला गेला. दिलेली गोष्ट परत कशी घेणार? दुसऱ्या दिवसापासून मुकुंदशास्त्री स्नान करून, रेशमी धोतर नेसून, मुलीच्या नावाने नदीच्या काठी उभे राहू लागले. रोज एकशे आठ वेळा उतार ओलांडायचा. एक-दोन, दोन-एक, एक-दोन. कापणारा उजवा हात डाव्याने धरून. पाठशाळेतला वर्ग त्यांनी सहअध्यापकावर सोपवला. चाळीस दिवस त्यांनी हे अनुष्ठान केले, आणि त्या काळात छायेकडे बाहेरून एकदाही पाहिले नाही. मूर्ती घडत असताना डोळे उघडू नयेत, तसे.

एकेचाळिसाव्या दिवशी त्यांनी वैशालीबाईंना बोलावले. दोघे शेजारी बसली. त्यांनी आपल्या खात्यातून अरण्यात पाऊल टाकले. करंजाखालून ती आली. नदीपाशी गेली.

पहिला-दुसरा. दुसरा-पहिला. पहिला-दुसरा.

"वैशाली!" त्यांनी पत्नीचे मनगट घट्ट धरले. "पाहिलेस? आली. आली ती!"

वैशालीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिसरा-चौथा, चौथा-तिसरा, तिसरा-चौथा. आणि मग चौथा-पाचवा, पाचवा-चौथा, चौथा-पाचवा.

"थांबा," वैशालीबाई म्हणाल्या.

"काय झाले?"

"हे असं नव्हतं. इथून ती परत यायची नाही."

मुकुंदशास्त्र्यांचा हात सैल पडला. पडद्यावर पाचव्या दगडावर आकृती क्षणभर थांबली. ती कशासाठी थांबली, हे त्यांनी ओळखले. पाठ म्हणताना म्हातारा माणूस तिथे श्वास घेतो. मग तिने पुढचे पाऊल उचलले, आणि ते उचलताना उजवीकडे अगदी सूक्ष्म थरथर झाली.

जटा निर्दोष होती. एवढी निर्दोष जटा त्या उतारावर पूर्वी कधी झाली नव्हती.

"मी तिची चूक सुधारली," ते म्हणाले.

 वर्गातून विद्यार्थ्यांचा एका सुरातला पाठ ऐकू येत होता.

"तुम्हाला माहीत आहे का, ती तिथेच का चुकायची?" वैशालीबाईंनी विचारले. त्यांचा स्वर कठोर नव्हता. "मी असायचे ना तिच्याबरोबर दाराशी. तिला फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून पाठीमागून धरून. तुम्ही इकडून चालत जायचात. चौथं-पाचवं झालं की तिकडची भिंत यायची, आणि तुम्ही मागच्या मुलांकडे वळायचात. आमच्याकडे पाठ करून. तेवढं दाराशी ऐकूच येत नसे. पुढचं पद यायचं ते तुम्ही परत फिरल्यावर."

मुकुंदशास्त्र्यांनी डोळे मिटले. सतरा-अठरा वर्षांपूर्वीची ती भिंत त्यांना दिसली, तिच्यावरची खुंटी दिसली. दार मात्र दिसेना, कारण त्या जागी त्यांनी दाराकडे कधी पाहिलेच नव्हते. मुलीच्या पावलांत एक पोकळी होती, आणि ती त्यांच्या पाठीच्या आकाराची होती. नऊ वर्षे यंत्राने ती जशीच्या तशी जपली होती.

त्या दिवसानंतर ते शाल्मलीच्या नावाने अरण्यात गेले नाहीत. नीलोफरने फोनवर विचारले, "काका, नव्वद दिवस होतील. मी एकदा हात लावू का?"

"नको. जी निजेल ती मीच आहे. मला निजू दे."

नव्वदाव्या दिवशी नियमाप्रमाणे एक सूचना आली. वैशालीबाईंनी ती वाचली आणि पडदा बंद केला.

त्या दुपारी मुकुंदशास्त्री स्वयंपाकघरात आले. पन्नास वर्षांत ज्यांनी एक पद गाळले नव्हते, ते हलक्या आवाजात काही म्हणत होते. मंत्र नव्हे, नुसते आकडे. एक-दोन, दोन-एक, एक-दोन. आणि चार-पाचनंतर एकदम सहा. तिथे त्यांचा स्वर अडखळला. जीभ मागे वळू पाहत होती आणि ते तिला अडवत होते.

"एवढे तरी आपल्या कंठात राहील," ते म्हणाले. "माझ्या आणि तुझ्या. आणखी कोणाला सांगायचे नाही. ये. दाराशी नको, इथे माझ्याजवळ ये."

वैशालीबाईंनी गॅस बंद केला. त्यांनी पदर खोचला आणि त्या फरशीच्या कडेला त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. समोर सात लाद्या होत्या, त्यांत कडेच्या पहिलीच्या जागी दोन जोडीने.

"म्हणा," त्या म्हणाल्या. "मी चालते."

"एक," मुकुंदशास्त्री म्हणाले.

वैशालीबाईंनी डावा पाय उचलला. मागे घेतला. उजवा उचलला, तोही टेकवला नाही.

"अहो," त्यांनी विचारले, "ती सुरुवात डाव्या दगडावरून करायची की उजव्या?"

मुकुंदशास्त्र्यांनी तोंड उघडले. त्यांना चौथा दगड दिसत होता, करंज दिसत होता, तिरपी मान दिसत होती. काठाशी मात्र दोन्ही दगड सारखेच ओले होते.

"डाव्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. थांब."

वैशालीबाई थांबल्या.